बोर्दो : चंद्रकोरीच्या काठचे द्राक्षनगर

नाशिक, सांगली किंवा सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ हा शब्द नवा नाही. बागेत केवडा रोगाची चाहूल लागली, की मोरचूद आणि कळीचा चुना यांचे निळसर मिश्रण फवारण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक दशके रूढ आहे. विदर्भातील संत्रा उत्पादक झाडांच्या बुंध्यांना याच घटकांचे मलम लावतात. परंतु बोर्डो हे मुळात औषधाचे नाव नव्हे. ते फ्रान्समधील एका प्राचीन नगराचे नाव आहे आणि फ्रेंच भाषेत त्याचा उच्चार ‘बोर्दो’ असा होतो.

जग या नगराला ओळखते ते तेथील द्राक्षमद्यामुळे, म्हणजेच वाइनमुळे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरी मात्र ते पोहोचले औषधाच्या रूपाने. या दोन ओळखी परस्परांपासून वेगळ्या नाहीत. ज्या नगराने आपले सारे भाग्य द्राक्षवेलीशी बांधून घेतले, त्याला वेलीवरील रोगांशीही झुंज द्यावी लागली. बोर्दोचा इतिहास हा जितका वैभवाचा, तितकाच संकटांतून काढलेल्या मार्गांचा इतिहास आहे.

नदी, खाडी आणि बंदर

बोर्दो हे पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर, गारोन नदीच्या काठी वसलेले आहे. या ठिकाणी नदी चंद्रकोरीसारखे डौलदार वळण घेते. त्यामुळे या बंदराला ‘चंद्राचे बंदर’ असे नाव पडले आणि नगराच्या मानचिन्हातही चंद्रकोर आली. नगराच्या उत्तरेस काही अंतरावर गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांचा संगम होतो. तेथून पुढे जिरोंद ही विस्तीर्ण खाडी अटलांटिक महासागरापर्यंत जाते. समुद्र सुमारे १०० किलोमीटर दूर असूनही भरती-ओहोटीचे पाणी नगरापर्यंत पोहोचते. सागरी जहाजे आत यावीत, पण वादळवाऱ्यापासून सुरक्षित राहावीत, अशी ही निसर्गदत्त सोय होती.

बितुरीज व्हिविस्की नावाच्या केल्ट टोळीने वसविलेले हे गाव रोमन साम्राज्यात ‘बर्दिगाला’ या नावाने भरभराटीस आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात या परिसरात द्राक्षलागवड सुरू झाली होती. चौथ्या शतकातील लॅटिन कवी ऑसोनियस याच नगरचा. त्याने आपल्या जन्मभूमीचे गुणगान केले असून तो स्वतःही द्राक्षमळ्यांचा मालक होता. रोमन काळातील प्रेक्षागाराचे भग्नावशेष ‘पाले गालियाँ’ या नावाने आजही नगरात उभे आहेत.

इंग्लंडशी तीनशे वर्षांचे नाते

बोर्दोच्या व्यापाराला खरी दिशा मिळाली ती एका विवाहामुळे. अक्वितेन प्रांताची वारसदार एलेनॉर हिचा पहिला विवाह ११३७ मध्ये बोर्दोच्या कॅथीड्रलमध्ये फ्रान्सच्या राजपुत्राशी झाला. हा विवाह रद्द झाल्यानंतर ११५२ मध्ये तिने हेन्री प्लँटॅजेनेट याच्याशी विवाह केला. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडच्या गादीवर बसला आणि बोर्दोसह अक्वितेन प्रांत इंग्लिश राजसत्तेखाली गेला. ही सत्ता सुमारे तीनशे वर्षे टिकली.

थंड हवेच्या इंग्लंडमध्ये द्राक्षे मुबलक होत नव्हती, मद्याची मागणी मात्र मोठी होती. दरवर्षी सुगीनंतर जहाजांचे तांडे पिंपे भरून बोर्दोहून निघत. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी काही वर्षी ही निर्यात एक लाख पिंपांच्या घरात गेली होती. ‘तोनो’ नावाचे हे मोठे पिंप सुमारे ९०० लिटरांचे असे. जहाजात अशी किती पिंपे मावतात यावरून त्याची क्षमता सांगण्याची रीत पडली आणि जहाजांसाठी आजही वापरला जाणारा ‘टनेज’ हा शब्द याच प्रकारच्या पिंपमापनातून आला.

या वैभवाला अन्यायाची किनारही होती. गारोन नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या शेतकऱ्यांचा माल बोर्दो बंदरातूनच बाहेर जाऊ शकत असे. नगरातील मळेवाल्यांनी राजाकडून विशेषाधिकार मिळविले आणि आपला माल विकला जाईपर्यंत वरच्या प्रदेशातील मद्याला बाजारात येण्यास बंदी घातली. बंदर ज्याच्या हाती, बाजारभाव त्याच्या हाती, असा हा प्रकार होता. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईनंतर बोर्दो फ्रान्सच्या राजाकडे आले, तरी ही प्रथा टिकून राहिली. अर्थमंत्री त्युर्गो याने १७७६ मध्ये ती मोडीत काढली.

पुढे सतराव्या शतकात डच व्यापारी आले. पाणथळ जमिनीतून पाणी काढण्याच्या कामात त्यांचा हातखंडा होता. नगराच्या उत्तरेकडील मेदोक भागातील दलदल त्यांच्या कौशल्यामुळे आटली. एके काळची ही पाणथळ भूमी आज जगातील अत्यंत मूल्यवान द्राक्षभूमींपैकी एक मानली जाते.

वैभव आणि त्याची काळी बाजू

अठरावे शतक हे बोर्दोचे सुवर्णयुग मानले जाते. राजाचे प्रशासक, विशेषतः मार्की द तूर्नी याने, मध्ययुगीन तटबंदीत कोंडलेल्या नगराला मोकळे रूप दिले. रुंद रस्ते, उद्याने, चौक आणि नदीकाठी एकसारख्या दर्शनी भागांच्या दगडी इमारतींची लांबच लांब रांग उभी राहिली. वास्तुविशारद गाब्रिएल पितापुत्रांनी रचलेला, आज ‘प्लास द ला बूर्स’ म्हणून ओळखला जाणारा चौक आणि व्हिक्तोर लुई याने बांधलेले, १७८० मध्ये खुले झालेले भव्य नाट्यगृह ही त्या काळाची मुख्य स्मारके होत.

हा सारा पैसा केवळ द्राक्षांतून आला नव्हता. कॅरिबियन बेटांवरील फ्रेंच वसाहतींतून साखर, कॉफी आणि नीळ बोर्दोत उतरत असे. तेथील मळ्यांवर राबत होते ते आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम. बोर्दोच्या जहाजमालकांनी स्वतःही गुलामांची वाहतूक केली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या बंदरातून सुमारे ५०० गुलामवाहू सफरी निघाल्या आणि त्यांतून एक लाख वीस हजार ते दीड लाख माणसे समुद्रापार नेण्यात आली, असे इतिहासकार मानतात. नगराने या भूतकाळाबद्दल दीर्घकाळ मौन पाळले. अलीकडे मात्र ते सुटले आहे. २००९ मध्ये अक्वितेन संग्रहालयात या विषयाची कायम दालने उघडण्यात आली, तर २०१९ मध्ये नदीकाठी मोदेस्त तेस्तास या गुलाम स्त्रीचा पुतळा बसविण्यात आला. तिला बोर्दोच्या दोघा भावांनी विकत घेतले होते.

जमीन, हवा आणि वेल

बोर्दोचा द्राक्षप्रदेश जिरोंद या जिल्ह्यात पसरलेला आहे. गारोन नदी आणि खाडी यांच्या डाव्या तीरावर, मेदोक आणि ग्राव्ह भागांत, नदीने हजारो वर्षे वाहून आणलेल्या गोट्यांचे जाड थर आहेत. या जमिनीत पाणी साचत नाही आणि दिवसा तापलेले दगड रात्री वेलीला ऊब देतात. उशिरा पिकणारा काबर्ने सोव्हिन्यों हा वाण येथे मानवतो. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावर, सेंत-एमिलियाँ आणि पोमेरोल परिसरात, चिकणमाती आणि चुनखडी अधिक असल्याने लवकर पिकणारा मर्लो हा वाण प्रमुख ठरला. सागराकडून येणारे वारे लांद प्रदेशातील पाइन वृक्षांची विस्तीर्ण वने काही प्रमाणात अडवितात.

येथील बहुतेक मद्ये एकाच वाणाची नसून दोन-तीन वाणांच्या मिश्रणाची असतात. यामागे चवीइतकेच व्यवहाराचे शहाणपण आहे. महासागराजवळची हवा लहरी असते. वसंतातील कडाक्याच्या थंडीने मर्लोचा बहर गेला, तर काबर्ने हाताशी राहतो, आणि सुगीच्या वेळी पाऊस आला तर आधी पिकलेला मर्लो सुरक्षितपणे घरात आलेला असतो. एकाच वाणावर सर्वस्व न टाकण्याची ही शिकवण शेतीच्या कोणत्याही प्रकाराला लागू पडते.

सोतेर्न भागातील गोड पांढऱ्या मद्याची कथा आणखी वेगळी आहे. तेथे सिरों नावाच्या छोट्या नदीचे थंड पाणी गारोनच्या कोमट पाण्याला मिळते आणि शरद ऋतूत सकाळी दाट धुके पडते. त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी वाढते. दुपारच्या उन्हात मणी सुकतात आणि त्यांतील साखर घट्ट होते. इतरत्र जी बुरशी पिकाचा नाश करते, तीच येथे उत्पन्नाचे साधन ठरली आहे. मात्र असे मणी एकाच वेळी तयार होत नाहीत. त्यासाठी मजुरांना त्याच वेलींवरून पुन्हा पुन्हा फिरून निवडक मणी खुडावे लागतात.

१८५५ ची वर्गवारी

बोर्दोमध्ये उत्पादक आणि ग्राहक यांच्यामध्ये दोन दुवे परंपरेने चालत आले आहेत. पहिला दलालाचा. तो मळ्याची आणि मालाची पारख करतो व सौदा जुळवितो. त्याची दलाली साधारणतः दोन टक्के असते. दुसरा दुवा घाऊक व्यापाऱ्याचा. नगरातील शार्त्रों या नदीकाठच्या वस्तीत अशा इंग्लिश, आयरिश, डच आणि जर्मन वंशाच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या व वखारी होत्या. उंची मद्याचा बराचसा माल पिंपात असतानाच, सुगीनंतरच्या वसंतात आगाऊ विकला जातो आणि बाटल्या पुढे दीड-दोन वर्षांनी ग्राहकाकडे जातात. या रीतीमुळे मळेवाल्याला भांडवल लवकर मिळते, तर भाव पडण्याची जोखीम खरेदीदाराकडे जाते.

१८५५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने बोर्दोच्या दलालांनी मळ्यांची वर्गवारी तयार केली. त्यासाठी त्यांनी आपल्या दप्तरांतील अनेक वर्षांचे बाजारभाव आधार म्हणून घेतले. मेदोकमधील आणि ग्राव्हमधील एका मळ्याच्या तांबड्या मद्यांचे पाच वर्ग ठरले. लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों हे चार मळे पहिल्या वर्गात आले. त्यानंतर पहिल्या वर्गात एकच भर पडली. दुसऱ्या वर्गातील मूतों या मळ्याला १९७३ मध्ये पहिल्या वर्गात बढती मिळाली. प्रदर्शनापुरती केलेली ही यादी आजही बाजारभाव ठरविते. तिच्यामुळे मोजक्या मळ्यांना अपार कीर्ती लाभली, पण यादीबाहेरचे हजारो सामान्य शेतकरी त्या प्रकाशापासून दूरच राहिले.

एकामागून एक तीन संकटे

वर्गवारी जाहीर होत असतानाच संकटांची मालिका सुरू झाली होती. १८५० च्या दशकात भुरी रोगाने बागा ग्रासल्या. गंधकाची भुकटी धुरळणे हा त्यावरील उपाय सापडला. पाठोपाठ १८६० च्या दशकात फायलोक्सेरा हा कीटक फ्रान्समध्ये अवतरला. अमेरिकेतून आणलेल्या द्राक्षरोपांबरोबर आलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा कीटक मुळांवर हल्ला करी आणि काही वर्षांत वेल वाळून जाई. बागा पाण्याखाली बुडविणे, जमिनीत विषारी द्रव्ये सोडणे असे नाना उपाय झाले, परंतु ते खर्चिक आणि अपुरे ठरले.

अखेर जेथून कीड आली, तेथूनच उपाय आला. अमेरिकन वेलींची मुळे या किडीला दाद देत नाहीत, हे ध्यानात आले. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. आपल्या मद्याची चव बिघडेल या भीतीने अनेक मळेवाल्यांनी प्रारंभी विरोध केला, पण दुसरा मार्ग उरला नव्हता. अवघा प्रदेश खुंटासह नव्याने लावावा लागला. महाराष्ट्रातही आज डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटांवर द्राक्षाची कलमे केली जातात. येथे मात्र मुख्य हेतू पाण्याची टंचाई आणि क्षारयुक्त जमीन यांना तोंड देण्याचा आहे.

मोरचूद आणि चुना

तिसरे संकट केवडा रोगाचे. तोही अमेरिकेतूनच आला आणि १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये आढळला. पाने गळून पडत, फळ पिकत नसे. या रोगावरील उपाय सापडला तो एका साध्या निरीक्षणातून. बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सी मियार्दे हे ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदोकमधील सेंत-झुलियाँ गावाजवळून जात होते. आसपासच्या वेली पर्णहीन झाल्या होत्या, परंतु रस्त्यालगतच्या ओळी मात्र हिरव्यागार होत्या. चौकशीअंती उलगडा झाला. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून त्या विषारी असल्याचा भास निर्माण करीत.

मियार्दे तेवढ्यावर थांबले नाहीत. रसायनशास्त्रज्ञ युलिस गायों यांच्या साहाय्याने आणि मेदोकमधील मळ्यांवर प्रयोग करून त्यांनी तांब्याचा परिणाम सिद्ध केला. १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानावरील ओलाव्यात तांब्याचे अंश मुक्त होतात आणि रोगाचे बीजाणू रुजू देत नाहीत. चुना मोरचुदाची आम्लता मारतो, त्यामुळे पाने करपत नाहीत व औषध पानांना चिकटून राहते. मूळ मिश्रण फारच दाट होते. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि निराळ्या ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना, असे त्याचे प्रमाण होते. आज प्रचलित असलेल्या एक टक्का मिश्रणात १०० लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना पुरतो. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये आणि तयार मिश्रणात लोखंडी चाकू बुडवून त्यावर तांब्याचा थर बसतो का ते पाहावे, बसल्यास चुना वाढवावा, हा नियम महाराष्ट्रातील बागायतदारही पाळतात.

या उपायाचीही मर्यादा आता स्पष्ट झाली आहे. तांबे जमिनीत विरून जात नाही, ते साचते. बोर्दोच्या जुन्या मळ्यांच्या मातीत शंभराहून अधिक वर्षांच्या फवारण्यांचे तांबे साठलेले आहे. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली.

नावाचे संरक्षण

रोगांमुळे उत्पादन घटले, तेव्हा बनावट मालाला ऊत आला. कोठलेही मद्य बोर्दोच्या नावाने विकले जाऊ लागले. त्यामुळे वेलीइतकेच नावाचे रक्षणही आवश्यक झाले. १९०५ मध्ये भेसळविरोधी कायदा झाला. १९११ मध्ये ‘बोर्दो’ हे नाव जिरोंद जिल्ह्यातील मद्यापुरते मर्यादित करण्यात आले. १९३५ मध्ये, जिरोंदचे लोकप्रतिनिधी झोझेफ कापू यांच्या पुढाकाराने, उगमस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारी राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. गाव, वाण, हेक्टरी उत्पादन आणि निर्मितीची रीत या साऱ्यांना नियम लागू झाले. तरीही १९७३ मध्ये हलक्या प्रतीचे मद्य बोर्दोच्या नावाने खपविल्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले आणि बाजार हादरला. नियम केवळ कागदावर असून भागत नाही, ते रोज पाळावे लागतात, हा धडा त्यातून मिळाला. आज भारतात नाशिकची द्राक्षे, नागपूरची संत्री किंवा कोल्हापुरी चप्पल यांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनामागेही नावाच्या रक्षणाचे हेच तत्त्व आहे.

नगराचा कायापालट

फ्रान्सवर संकट आले असता १८७०, १९१४ आणि १९४० अशा तीन वेळी सरकारने बोर्दोचा आश्रय घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात नगर जर्मनांच्या ताब्यात गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना बंदर उडवून देण्याची त्यांची योजना होती. हाइन्झ श्टालश्मिट या जर्मन सैनिकानेच स्फोटकांच्या वातींचे कोठार नष्ट करून ती हाणून पाडली. पुढे तो बोर्दोतच स्थायिक झाला.

युद्धानंतर मोठी जहाजे खाडीकडील धक्क्यांवर थांबू लागली आणि नगरातील नदीकाठ ओस पडला. काजळीने काळवंडलेल्या इमारती आणि रिकाम्या वखारी असे त्याचे रूप झाले. १९९५ नंतर नगरपालिकेने काठावरील वखारी हटविल्या, इमारतींचे दगड धुऊन काढले आणि लोकांना नदी पुन्हा मोकळी करून दिली. २००३ मध्ये ट्राम सुरू झाली. ऐतिहासिक भागात तारांचे जाळे दिसू नये, म्हणून तेथे तिला जमिनीतून वीजपुरवठा करण्यात येतो. २००६ मध्ये चौकासमोर पाण्याचा विशाल आरसा साकारला. २००७ मध्ये युनेस्कोने नगराचा सुमारे १,८०० हेक्टर भाग जागतिक वारसा म्हणून घोषित केला. सेंत-एमिलियाँला हा मान १९९९ मध्येच मिळाला होता. २०१६ मध्ये द्राक्षमद्याच्या संस्कृतीला वाहिलेले संग्रहालय उघडले आणि २०१७ पासून वेगवान रेल्वेने पॅरिसचे अंतर सुमारे दोन तासांवर आले.

आजची परीक्षा

बाहेरून वैभवशाली दिसणाऱ्या या प्रदेशापुढे आज पुन्हा कठीण प्रश्न उभे आहेत. फ्रान्समधील मद्याचा खप कित्येक दशके घटत आहे. आरोग्याविषयीची जागृती हे त्याचे एक कारण आहे. १९९१ च्या कायद्याने तर मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने आणली. चीनमधील मागणीही ओसरली. नामांकित मळ्यांना याची झळ कमी बसते, परंतु साधे मद्य करणाऱ्या लहान शेतकऱ्याला उत्पादनखर्चही भरून निघेनासा झाला. एके काळी एक लाख हेक्टरांहून अधिक असलेले क्षेत्र कमी करण्यासाठी २०२३ मध्ये सुमारे ९,५०० हेक्टरांवरील वेली उपटून टाकण्याची योजना जाहीर झाली व त्यासाठी हेक्टरी ६,००० युरो साहाय्य देऊ करण्यात आले. पिढ्यान्पिढ्या जोपासलेली वेल स्वतःच्या हाताने उपटणे हे कोणत्याही शेतकऱ्याला सोपे नसते.

त्यात हवामानबदलाची भर पडली आहे. द्राक्षे पूर्वीपेक्षा लवकर पिकतात, त्यांतील साखर वाढते. एप्रिल २०१७ च्या दहिवराने बहर जाळला, तर २०२२ च्या उन्हाळ्यात जिरोंदमधील वने वणव्यात होरपळली. यावर उपाय म्हणून २०२१ मध्ये प्रयोगादाखल सहा नव्या वाणांना मर्यादित लागवडीची अनुमती देण्यात आली. त्यांत पोर्तुगालच्या तुरिगा नासिओनालसारखा उष्णता सोसणारा वाणही आहे. जेथे प्रत्येक वेल नियमाने बांधलेली आहे, तेथे हा बदल लहान म्हणता येणार नाही.

दोन हजार वर्षांत बोर्दोने युद्धे पाहिली, सत्तांतरे पाहिली, मुळासकट वाळलेल्या बागा पाहिल्या. प्रत्येक वेळी त्याला तारले ते जुन्या कीर्तीने नव्हे. रस्त्याकडेच्या हिरव्या पानांकडे पाहून ‘असे का झाले?’ हा प्रश्न विचारणाऱ्या दृष्टीने आणि मिळालेले उत्तर अमलात आणणाऱ्या कष्टाळू हातांनी ते तारले. त्या दृष्टीचा एक अंश निळ्या फवाऱ्याच्या रूपाने महाराष्ट्रातील द्राक्षबागांतही पोहोचला आहे.